उतरणीची काठी : ट्रेकिंग पोल घ्यावा का, कोणता, आणि घेतल्यावर त्याचं करायचं काय

रविवारी राजगड करून आलेला माणूस सोमवारी ऑफिसात लगेच ओळखू येतो. जिना चढताना तो आपल्याशी गप्पा मारत चढतो. उतरताना मात्र कठडा धरतो, आडवा होतो आणि खाली साप बसलाय अशा बेताने एकेक पायरी उतरतो. मंगळवारी तर अवस्था आणखी बिकट. गंमत बघा, दमछाक झाली होती ती चढताना. दुखतंय ते उतरल्याचं.

ट्रेकिंग पोल नावाच्या काठीचं अर्धं शास्त्र एवढ्यातच आलं. उरलेलं अर्धं पुढे सांगतो.

हा विषय आत्ता काढायचं कारण म्हणजे गडांवरची वाढती पावलं. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, साल्हेर, प्रतापगड, लोहगड यांच्यासह मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. शनिवार-रविवारची गर्दी त्याआधीही कमी नव्हती. पावसाळ्यात काही ठिकाणी तर प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. या गर्दीत आयुष्यात पहिल्यांदा डोंगर चढणारे पुष्कळ असतात, आणि ट्रेक नेणारे ग्रुप त्यांना जी सामानाची यादी पाठवतात, तिच्या तळाशी कुठेतरी एक ओळ असते : ‘ट्रेकिंग पोल, असल्यास उत्तम’. असल्यास म्हणजे काय? घ्यायचा की नाही? एक की दोन? ऑनलाइन शोधावं तर ‘अँटी-शॉक’, ‘कार्बन फायबर’, ‘टंगस्टन टिप’ असले शब्द अंगावर येतात आणि किंमत काही शे रुपयांपासून पार पाच आकड्यांत जाते. वर घरातलं कुणीतरी म्हणतंच, ‘आत्तापासून काठी?’

माझं मत आधीच सांगून टाकतो. पोल ही कामाची वस्तू आहे. पण सह्याद्रीत दिसणारे बरेचसे पोल नुसते फिरायला आलेले असतात. मालक त्यांना हातात धरतो, जमिनीला टेकवतो, पण भार काही टाकत नाही. असा पोल म्हणजे हातातलं पाव किलो ओझं.

उतरताना गुडघ्यात होतं काय?

माळ्यावर तांदळाचा डबा चढवायचा आहे. दंडाचा स्नायू आखडतो आणि डबा वर जातो. आता तोच डबा खाली उतरवा. स्नायू डबा सोडूनही देत नाही आणि एका जागी धरूनही ठेवत नाही. तो स्वतः ताणला जात असतानाच डब्याला रोखत राहतो. या दुसऱ्या प्रकारच्या कामाला शास्त्रात ‘एक्सेंट्रिक’ म्हणतात. आपण त्याला ब्रेकचं काम म्हणू.

डोंगर उतरताना मांडीच्या पुढचा मोठा स्नायू दर पावलाला हेच ब्रेकचं काम करतो. डबा म्हणजे आपण स्वतः, शिवाय पाठीवरची सॅक. ब्रेकच्या कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक इजा होतात. त्यांचं दुखणं लगेच कळत नाही, एक-दोन दिवसांनी वर येतं. सोमवारपेक्षा मंगळवार वाईट जातो तो म्हणून. त्यातच पाय टेकताना गुडघा वाकलेला असतो, आणि वाकलेल्या गुडघ्यावर भार आला की गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर जोरात दाबली जाते. पायरी जितकी उंच तितका हा दाब जास्त. ज्यांचे गुडघे आधीच कुरकुरतात, त्यांना चढण परवडते पण उतरण नको होते, त्यामागे हेच आहे.

घाटात लिहिलेलं असतं, ‘उतारावर गाडी न्यूट्रल करू नका’. भरलेला ट्रक नुसत्या ब्रेकवर वरंध घाट उतरला तर ब्रेक तापून निकामी होतात. जाणता ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो आणि रोखण्याचं काम ब्रेक आणि इंजिन यांच्यात वाटून देतो. पोल म्हणजे हा खालचा गिअर. पायांचं ब्रेकचं काम तो हात, खांदे आणि पाठीला वाटून देतो.

खरंच फरक पडतो, की दुकानदाराच्या गोष्टी?

पडतो, आणि तो मोजलेला आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या संशोधकांनी १९९९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. २५ अंशांच्या उतारावर माणसांना पोल घेऊन आणि पोलशिवाय उतरायला लावून त्यांनी गुडघ्यावरची बलं मोजली. पोल वापरल्यावर ती १२ ते २५ टक्क्यांनी कमी भरली. २५ अंश म्हणजे चांगलाच खडा उतार, आपल्याकडच्या डोंगराच्या एखाद्या सोंडेसारखा. २०११ मध्ये ब्रिटनमध्ये ३७ जणांना वेल्समधल्या १,०८५ मीटर उंचीच्या स्नोडनवर चढवून-उतरवून दुसरा अभ्यास झाला. त्यात पोल वापरणाऱ्यांचे स्नायू पुढच्या दोन दिवसांत कमी दुखले आणि त्यांची ताकदही लवकर परत आली. थोडक्यात, त्यांचा मंगळवार बरा गेला.

हे आकडे ऐकून हुरळून जाऊ नये. पहिला प्रयोग घोटीव रॅम्पवरचा होता. तिथे घसारा नव्हता, शेवाळ नव्हतं आणि मागून ‘चला चला’ म्हणणारा लीडरही नव्हता. शिवाय पोलवर नीट रेटून उतरणाऱ्यालाच हा फायदा मिळतो. आणखी एक : ‘पोलमुळे एका ट्रेकमध्ये गुडघ्यावरचं अमुक टन वजन कमी होतं’ असं कुणी सांगितलं तर मान डोलवू नका. समजा, दर पावलाला पोलवर पाच किलो भार पडला आणि एका किलोमीटरला साधारण १,४०० पावलं पडली, तर गुणाकार सात हजार किलो, म्हणजे सात टन येतो. गुणाकार बरोबर आहे, पण अर्थ काही नाही. याच हिशोबाने रोज चार पोळ्या खाणारा माणूस दहा वर्षांत १४,६०० पोळ्या खातो. म्हणून काय तो एका बैठकीत खात नाही. गुडघ्याला त्या त्या पावलाचा भार कळतो, बेरीज कळत नाही.

आणि पोलने दम कमी लागतो असंही नाही. हातसुद्धा कामाला लागल्यामुळे हृदयाला उलट थोडं जास्तच काम पडतं. फक्त ते काम सगळ्या अंगात वाटलं गेल्यामुळे कष्ट कमी वाटतात. वजन कमी करायला टेकडीवर जाणाऱ्यांसाठी ही वाईट बातमी नव्हे.

तीन दगडांची चूल

गुडघा वाचणं हा एक फायदा. मला विचाराल तर सह्याद्रीत दुसरा मोठा आहे, तो म्हणजे तोल.

चूल मांडताना दगड तीनच घेतात. तीन टेकूंवर ठेवलेलं पातेलं जमीन कितीही वेडीवाकडी असली तरी डुगडुगत नाही. चालताना प्रत्येक पावलात एक क्षण असा येतो की आपण एकाच पायावर असतो. नेमका तोच पाय मुरमावरून सरकला की बसकण. दोन पोल असले तर त्या क्षणीही एक पाय आणि दोन टोकं असे तीन टेकू जमिनीवर ठेवता येतात. मार्च-एप्रिलमध्ये वाळलेलं गवत आणि त्याखाली सुटा मुरूम असलेल्या डोंगराच्या धारेवरून उतरून बघा, मग तिसऱ्या टेकूची किंमत कळते. पावसाळ्यात चिखलाच्या वाटेवर तर कळतेच कळते.

‘एक पोल पुरत नाही का?’ हा प्रश्न इथेच येतो. तोल सावरायला, ओढ्याचा तळ चाचपायला, गवतात पाय टाकण्याआधी ठोकून बघायला एक पुरतो. (सापाला जमिनीची थरथर कळते, ठोकत गेलं की बहुतेक वेळा तो आधीच वाट सोडतो.) पण गुडघ्यावरचा भार दोन्ही पायांसाठी सारखा वाटायचा असेल तर जोडी हवी. एकच पोल असेल आणि एकच गुडघा दुखत असेल, तर पोल दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. जवळपास सगळेजण उलट करतात. चालताना डाव्या पायाबरोबर उजवा हात पुढे जातो. डावा गुडघा दुखत असेल तर भार घ्यायला उजवा हातच वेळेवर हजर असतो.

मग बांबूची काठी काय वाईट?

काहीच वाईट नाही. डोंगरातला धनगर, गडाखालचा गुराखी, नर्मदा परिक्रमेला निघालेला माणूस, यांच्या हातातली काठी हजार शहरी पोलांपेक्षा जास्त चाललेली असते. गौरीकुंडला केदारनाथच्या वाटेवर यात्रेकरूंना काठ्या विकायला ठेवलेल्या असतात, त्याही त्यांचं काम चोख करतात. बांबू हलका, दणकट आणि स्वस्त.

फरक तीन ठिकाणी पडतो. बांबूची लांबी बदलत नाही, त्याला मनगटाचा पट्टा नसतो, आणि शिडी लागली की तो मिटून सॅकला लावता येत नाही. लहानशा ट्रेकला यातलं काही अडत नसेल तर गावातून घेतलेली काठी खुशाल वापरा. फक्त वाटेत कारवी किंवा कोवळं झाड तोडून काठी करायची नाही. शंभर जणांच्या ग्रुपने ते केलं की त्या उताराला धरून ठेवणारं उरतं काय?

दुकानात गेल्यावर

पहिली गोष्ट लांबी. ट्रेकचे बूट घालून सरळ उभं राहा आणि पोलचं टोक पायाशेजारी टेकवा. मूठ धरल्यावर कोपर काटकोनात आलं पाहिजे. अंदाज हवा असेल तर उंचीला ०.६८ ने गुणा. १६५ सेंटिमीटर उंचीच्या माणसाला ११० ते ११५ सेंटिमीटर बसतं. चढताना यापेक्षा पाचेक सेंटिमीटर कमी आणि उतरताना पाच ते दहा जास्त करावं लागतं. म्हणून लांबी कमीजास्त होणारा पोल घ्यावा. दोरीने गुंफलेले, तंबूच्या काठ्यांसारखे घडीचे पोल दिसायला देखणे असतात आणि ३५-४० सेंटिमीटरमध्ये मावतात. पण त्यातल्या काहींची लांबी ठरलेली असते, ते विचारून घ्या. एकात एक सरकणारे तीन तुकड्यांचे पोल मिटून ६०-६५ सेंटिमीटरचे होतात. लोकलच्या गर्दीत सॅकच्या बाहेर आलेली त्यांची टोकं शेजाऱ्याला टोचतात, एवढाच त्रास.

दुसरी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे कुलूप. तुकडे ज्या जागी पक्के होतात तो सांधा. एक प्रकार पिळून घट्ट करायचा, दुसरा बाहेरून खटका दाबून बंद करायचा. पिळाचं कुलूप आतमध्ये असतं. त्यात माती-पाणी गेलं किंवा हात ओले असले की ते नीट आवळलं जात नाही, आणि आवळलं आहे की नाही हे बाहेरून कळतही नाही. खटका डोळ्यांना दिसतो, ढिला झाला तर स्क्रू फिरवून घट्ट करता येतो. आपल्या पावसाला खटकाच बरा.

माझा पहिला पोल पिळाचा होता. पाचनईहून हरिश्चंद्रगडावर जाताना बरोबर आलेल्या वाटाड्या मामांना मी तो मोठ्या कौतुकाने दाखवला. त्यांनी हातात घेऊन वरखाली पाहिला आणि विचारलं, ‘दादा, ह्याच्यावर वजन टाकलं तर राहील का?’ मी म्हटलं, ‘राहील की.’ त्यांनी दोन्ही हातांनी वरून रेटलं. पोल दुर्बिणीसारखा खाली गेला. मामा हसले नाहीत, मला तसाच परत दिला. दुकानात करायची खरी परीक्षा हीच : लांबी लावा, कुलूप बंद करा आणि अंगाचा भार टाका. दुकानदार ‘हळू’ म्हणाला तर तो पोल घेऊ नका.

तिसरी गोष्ट म्हणजे पोल कशाचा. अ‍ॅल्युमिनियम की कार्बन? अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला पोचा येतो, काचेचा ग्लास फुटतो; इथेही तसंच आहे. अ‍ॅल्युमिनियमचा पोल जास्त ताण आला तर वाकतो आणि वाकडा होऊनही गाव गाठून देतो. कार्बन फायबरचा वजनाला हलका, पण आडवा मार बसला किंवा चरा पडला की कधीतरी अचानक कटकन तुटतो. आपल्या वाटांवर दोन धोंड्यांच्या फटीत टोक अडकणं रोजचंच. त्यामुळे पहिला पोल अ‍ॅल्युमिनियमचा. जोडीमागे वाचणाऱ्या शंभर-दीडशे ग्रॅमसाठी दुपटी-तिपटीने पैसे मोजावेत, एवढं आपण धावत नाही.

बाकीचं पटकन सांगतो. मूठ फोमची किंवा बुचाची घ्या. कडक रबराच्या मुठीने ऑक्टोबरच्या घामात तळहाताला फोड येतात. टोक टंगस्टन कार्बाइड या कठीण पदार्थाचं असतं आणि त्यावर चढवायची रबरी टोपी बरोबर मिळते, ती टाकून देऊ नका. टोकाच्या वरची प्लॅस्टिकची चकती पोल चिखलात रुतू देत नाही. ‘अँटी-शॉक’ म्हणजे आत बसवलेली स्प्रिंग. मनगट दुखणाऱ्यांना ती थोडी सुखाची वाटते, पण तिच्यामुळे वजन आणि किंमत वाढते, आणि रेटल्यावर काठी दबते ही भावना काहींना नकोशी होते. नसली तरी चालेल. हिमालयात जाणार असाल तर बर्फासाठी मोठी चकती लागते, आणि विमानात पोल चेक-इन सामानात टाकायचा. केबिन बॅगेला लटकवून नेलात तर सुरक्षा तपासणीत तो तिथेच ठेवून पुढे जाण्याची वेळ येते.

पट्टा शोभेसाठी नाही

पोल घेतलेल्या दहा जणांना पट्ट्यातून हात घालायला सांगा, बहुतेक जण वरून घालतील, बांगडीत घालावा तसा. हात खालून वर घालायचा, मग पट्टा आणि मूठ एकत्र धरायची. म्हणजे पट्टा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून जातो आणि मनगट त्यावर टेकतं. आता बोटं सैल सोडली तरी खाली रेटता येतं, कारण भार मुठीवर नाही, पट्ट्यावर आहे. मूठ आवळून चालणाऱ्याचे हात तासाभरात भरून येतात आणि मग तो म्हणतो, ‘पोलचा काही उपयोग नाही.’

चढताना टोक पावलाच्या पुढे टाकू नका. पुढे टाकलं तर आपण स्वतःला काठीकडे ओढत राहतो. टाचेच्या आसपास टेकवा आणि मागे रेटा, होडीचं वल्हं मारल्यासारखं. पायऱ्या उंच असतील तर दोन्ही पोल एकदम वरच्या पायरीवर ठेवून खाली दाबत पाय उचला.

उतरताना क्रम महत्त्वाचा : आधी काठी, मग पाय. टोक खालच्या टप्प्यावर टेकवायचं, हातावर भार घ्यायचा आणि मगच पाऊल टाकायचं. पाय टेकल्यावर काठी टेकवली तर गुडघ्याला बसायचा तो हिसका बसून गेलेला असतो. पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, अंग मागे न झुकता पायांच्या बरोबर वर. मोठ्या पायरीवर तळहात मुठीच्या डोक्यावर ठेवून दाबता येतं. तेव्हा पट्टा सोडला तरी चालतो. सुरुवातीला हे सगळं फार विचार करून करावं लागतं आणि चाल अडखळते. सायकल शिकतानाही पहिल्या दिवशी तसंच होतं.

डोंगराच्या पोटातून जाणाऱ्या आडव्या वाटेवर एक बाजू वर आणि एक खाली असते. दर वेळी लांबी बदलत बसण्यापेक्षा डोंगराकडच्या हाताने मुठीच्या खालचा फोम धरावा. असा खालपर्यंत लांबवलेला फोम असेल तर पोल घेताना दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

आणि कृपा करून मागच्याचा विचार करा. रांगेत चालताना झुलणारं टोक मागच्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतं. दोन-तीन मीटर अंतर ठेवा. फोटो काढायला थांबलात तर पोल काखेत आडवा धरू नका.

कधी मिटून ठेवायचा

जिथे हात लागतो तिथे पोल नको. कळसूबाईच्या लोखंडी शिड्या, हरिहरच्या खोबण्या असलेल्या उभ्या पायऱ्या, भीमाशंकरचा शिडी घाट, किंवा कुठलाही कातळटप्पा. अशा जागेच्या आधी थांबून पोल मिटा आणि टोक खाली ठेवून सॅकला आवळून बांधा. ‘एवढ्याशा टप्प्यासाठी कोण मिटत बसतंय’ म्हणून पोल मनगटाला लटकवून शिडी चढणारे मी पाहिलेत. लटकलेला पोल पायरीत अडकतो, आणि तो अडकला की हात ओढला जातो, तोही नेमका धरलेला हात.

पट्ट्याबद्दलही एक पथ्य आहे. मोठमोठ्या धोंड्यांतून, मुळांच्या जाळ्यातून किंवा वाहत्या ओढ्यातून जाताना पट्टे काढून नुसती मूठ धरा. पडताना पट्टा हातात राहिला तर अंगठा पिरगळतो, ओढ्यात काठी अडकली तर आपणही अडकतो. ओढा ओलांडताना तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, सॅकचा कमरपट्टा सोडलेला, आणि तीन टेकूंपैकी एका वेळी एकच हलवायचा. पाणी गुडघ्याच्या वर आणि जोरात असेल तर पोल आहे म्हणून धाडस करायचं नाही. मागे फिरायचं किंवा पाणी ओसरेपर्यंत थांबायचं.

शेवाळलेल्या ओल्या कातळावर कुठलंही टोक भरवशाचं नाही, ना धातूचं ना रबरी. नाणेघाटाच्या दगडी फरसबंदीवर जुलैमध्ये पोलवर विश्वास टाकून जोरात रेटलंत तर काठी आधी जाते आणि मागोमाग आपण. तिथे काठी हलक्या हाताने चाचपायला वापरायची आणि भार पायांवर ठेवायचा. वळवाच्या दिवसांत धारेवर असताना ढग गडगडू लागले तर पोल बाजूला ठेवून आधी धारेवरून खाली उतरा. कार्बन असो वा अ‍ॅल्युमिनियम, दोन्हीतून वीज वाहते.

सवय लागली तर?

हा आक्षेप खरा आहे आणि तो डॉक्टरांनीही घेतलेला आहे. गिर्यारोहण संघटनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे यूआयएएच्या, वैद्यकीय समितीने पोलचे फायदे सांगतानाच इशारा दिला आहे की सतत, प्रत्येक वाटेवर पोल वापरल्याने शरीराची स्वतः तोल सावरण्याची सवय मंदावते. मग जिथे पोल वापरता येत नाही अशा अरुंद जागी माणूस गडबडतो. त्याच समितीच्या मते वय झालेल्यांना, जास्त वजनाच्या माणसांना, गुडघ्या-पाठीचं दुखणं असणाऱ्यांना आणि जड सॅक नेणाऱ्यांना पोल हितकारक आहेत.

याचा व्यवहारात मी लावलेला अर्थ असा : तब्येत ठणठणीत असलेल्या पंचविशीतल्या मुलाने सपाटीवर आणि सोप्या चढावर पोल सॅकलाच ठेवावेत, लांब उतरण आली की काढावेत. साठीच्या आजींनी पहिल्या पावलापासून वापरावेत आणि कुणी काही म्हटलं तर म्हणू द्यावं. ‘मावळे कुठे काठ्या घेऊन फिरत होते?’ असं विचारणारे दर ग्रुपमध्ये एक तरी भेटतात. मावळे पाच दिवस खुर्चीत बसून सहाव्या दिवशी गड चढत नव्हते.

पोल हा व्यायामाला पर्यायही नाही. मांड्या मजबूत असतील तर ब्रेकही मजबूत. जिने उतरायचा सराव चढण्याइतकाच करायला हवा, आणि तो पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर फुकट होतो. गुडघा सुजत असेल, अडकत असेल, तर पोल घेण्याआधी हाडांच्या डॉक्टरांकडे जा.

गडाच्या पायऱ्या आणि रबरी टोपी

टंगस्टन कार्बाइड दगडापेक्षा कठीण. म्हणूनच ते टोक पकड घेतं, आणि म्हणूनच ते दगडावर पांढरे चरे पाडतं. एका माणसाच्या एका फेरीने काही होत नाही. पण रायगडाच्या चौदाशेहून अधिक पायऱ्या, त्यावर रोजची माणसं आणि त्यातल्या काहींच्या हातात दोन दोन टोकं, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. कोरीव पायऱ्या, दरवाजे, मंदिराचं अंगण, टाक्यांचे काठ अशा बांधीव जागी रबरी टोपी चढवा. टक् टक् आवाजही थांबतो. मातीची वाट लागली की टोपी काढून खिशात. या टोप्या हरवतात आणि चिखलात रुतून तिथेच राहतात, तेव्हा चढवताना नीट दाबून बसवा. आणि गडावर पोहोचल्यावर पोलच्या टोकाने आग्यामोहोळाकडे, शिलालेखाकडे किंवा भिंतीतल्या सुट्या चिऱ्याकडे बोट दाखवायचं नसतं, हेही सांगावं लागतं.

घरी आल्यावर

पोल ओलाच मिटून कपाटात टाकू नका. तुकडे पूर्ण वेगळे करा, फडक्याने पुसा, रात्रभर पंख्याखाली सुकवा आणि मग जोडा. अ‍ॅल्युमिनियमवर ओलीने पांढरी पूड धरते आणि तुकडे एकमेकांत चिकटतात. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत तर लवकरच. लांबीच्या खुणांजवळ एक शेवटची रेघ असते, तिच्यापुढे पोल ओढायचा नाही, नाहीतर सांध्यात नळीचा पुरेसा तुकडाच उरत नाही.

आणि कुलपाला तेल लावायचं नाही. माझा तो पिळाचा पोल एका पावसाळ्यानंतर असा घट्ट बसला की दोघांनी ओढूनही निघेना. मी दाराच्या बिजागरीला घालतो तसं खोबरेल तेल सोडलं. निघाला लोण्यासारखा. पण त्यानंतर तो कधीच कुठल्याही लांबीला थांबला नाही. मी आवळायचो आणि तो पहिल्याच उतारावर शांतपणे खाली सरकायचा. आता तो गॅलरीतल्या कुंडीत उभा आहे. त्याच्यावर टोमॅटोचा वेल चढवलाय, आणि त्याचंही वजन वाढलं की पोल बोटभर खाली जातो.